पंचफुलाबाईची चाबी

मागच्या महिन्यात आमच्या घराला रंग देणारा माणूस बैठकीच्या भिंतीपाशी थांबला आणि म्हणाला, "काका, हा खिळा काढून टाकू काय? अन् ही चाबी कायची आहे?"

"राहू दे," मी म्हणालो.

"कोन्त्या कुलपाची?"

"ते कुलूप आता नाही."

तो हसला. "कुलूपच नाई, तं चाबी कायले ठेवली बाप्पा?" असं म्हणत त्यानं खिळ्याभोवती ब्रश फिरवला. आता सगळी भिंत पांढरी झाली आहे, फक्त किल्लीच्या मागं तिच्याच आकाराचा जुना पिवळा रंग राहिला आहे. संध्याकाळी मुलानं, प्रशांतनं, ते पाहिलं आणि तोंड वाकडं करून, हे कशाला ठेवलं, असं विचारलं. त्याला उत्तर द्यायचं तर पंचफुलाबाईबद्दल सगळं सांगावं लागलं असतं. सहा वर्षं मी ते कोणालाही सांगितलेलं नाही. मला अठ्ठ्याहत्तरावं लागलं आहे. आता सांगून टाकतो.

आमचं घर चंद्रपूरच्या परकोटाच्या आत, एका खिडकीजवळ. परकोटाचे मोठे दरवाजे सोडले तर मधूनमधून जी लहान दारं आहेत, त्यांना आम्ही खिडकीच म्हणतो. या खिडकीच्या उजव्या हाताला, परकोटाच्या दगडालाच पाठ लावून पंचफुलाबाईचं घर होतं. एक खोली, वर कवेलूंचं छप्पर, पुढं सारवलेलं अंगण, अंगणात शेवगा. तिची मागची भिंत म्हणजे गोंडराजांचा परकोट. ती म्हणायची, "मास्तर, तुमच्या घराच्या चार भिंती तुमच्या बापानं बांधल्या. माह्या घराची एक भिंत राजानं बांधली. सांगा, मोठं घर कोनाचं?"

तिचा नवरा धानगिरणीत हमाल होता, तो लवकर गेला. एक मुलगी होती, तिला मूल गावी दिलेलं. बाकी आयुष्यभर पंचफुलाबाईनं जंगल आणून शहराला विकलं. उन्हाळ्यात मोहफूल, चारोळी, टेंभरं म्हणजे तेंदूची फळं. पावसाळ्यात बांबूचे कोवळे कोंब, ज्यांना आमच्याकडे वास्ते म्हणतात, आणि सात्या, म्हणजे वारुळावर उगवणारी आळंबी. डोक्यावर टोपली घेऊन ती खिडकीतून आत यायची, तेव्हा कमानीखाली मान वाकवायची. टोपली रिकामी असली तरी वाकवायची. टोपली नसतानाही वाकवायची. माझी बायको, शालिनी, एकदा तिला म्हणाली, "अगं, डोक्यावर तर काहीच नाही, मग वाकतेस कशाला?"

"वझं उतरते बाई, मान नाई उतरत," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

ती तोलून विकत नसे. तिच्याकडं लाकडी माप होतं, ते भरून वर शीग चढवायची आणि शीग घसरून खाली पडली की तीही गिऱ्हाइकाच्या पदरात लोटायची. आमच्या समोर एक दंतवैद्य राहायला आले. त्यांच्या पत्नीनं तिला विचारलं, "काटा नाही का तुमच्याकडे? किती ग्रॅम आहे हे कसं कळणार?" पंचफुलाबाईनं माप खाली ठेवलं. "बाई, जंगलानं मले तोलून नाई देल्लं. मी तुमाले काऊन तोलून देऊ?" दंतवैद्याच्या पत्नीला ते उद्धट वाटलं. मलाही तेव्हा वाटलं होतं. आज आठवतं की त्या मापात चारोळी नेहमी भावापेक्षा जास्तच असायची.

दंतवैद्य आले ती आमची गल्ली बदलण्याची सुरुवात नव्हती, ती आधीच झाली होती. मी नोकरीला लागलो तेव्हा गल्लीत कोष्ट्यांचे माग होते, बुरडांची दोन घरं होती, कोळशाच्या डेपोवरचे मजूर होते, आणि शाळामास्तर म्हणून मीच त्यातल्या त्यात बरा कमावणारा होतो. मग राजुऱ्याकडे खाणीत जमिनी गेलेले शेतकरी मोबदला घेऊन आले. त्यांनी कोष्ट्यांची घरं घेतली, माग मोडीत गेले. त्यांच्यामागून गडचांदूरच्या सिमेंटवाल्यांची नोकरदार मंडळी आली, मग डॉक्टर, मग शिकवणीचे वर्ग. जुनी माणसं घर विकून रेल्वे लाइनच्या पलीकडं गेली. त्यांना किंमत चांगली मिळाली असं आम्ही म्हणत असू. किंमत संपल्यावर त्यांचं काय झालं ते विचारायला आम्ही कधी लाइन ओलांडली नाही. गल्लीत मी गरीब म्हणून उरलो होतो, तोही मुलाच्या पगारामुळं वर आलो. पंचफुलाबाई तेवढी होती तिथंच होती.

"मोठे लोक आले का पयले झाडं जाते, मंग मानसं जाते," ती म्हणायची.

"मग तू कशी राहिलीस?"

"माहा शेवगा अजून उभा हाय नं!"

पत्ता सांगण्याची तिची रीत सगळ्या गल्लीत चेष्टेची झाली होती. सामान पोचवणारी माणसं मोबाइल हातात घेऊन खिडकीपाशी गोंधळून उभी राहायची, आणि तिथं बसलेली असायची ती. "कोन पायजे? नवीन मोटारवाला? सरळ जा. जिथी सोमाचा माग होता तिथी वळ. मंग लिंबाखालचं घर." सोमा मरून वीस वर्षं झालेली, लिंब तोडून दहा. माणूस म्हणायचा, "मावशी, लिंब कुठी हाय?" ती म्हणायची, "नाई हाय. पन होता तिथीच हाय ते घर." आणि गंमत अशी, की दोन-तीनदा तिथं येऊन गेलेली माणसं तिच्या पत्त्यावरूनच बरोबर जाऊ लागली.

आता चाबीचं सांगतो.

आमच्याकडं एप्रिल सरता सरता तेंदूपत्ता लागतो. बिडीचं पान. तेव्हा जंगलाशी नातं असलेली माणसं घराला कुलूप घालून पानं तोडायला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पंचफुलाबाईचं माहेर गडचिरोलीकडं, धानोऱ्याच्या आत. दर साली ती दीड-दोन महिने तिकडं जायची. पहाटे भावजयांबरोबर जंगलात, दुपारी पानांची पुडकी बांधायची, संध्याकाळी मोजून द्यायची. एका साली पानं तोडताना समोर अस्वल उभं राहिलं. ती पळाली, कंबरेची चाबी कुठं पडली कळलं नाही. चंद्रपूरला येऊन स्वतःच्या घराचं कुलूप दगडानं फोडावं लागलं. "अस्वलाच्या घराले आता माहं कुलूप असन," असं ती सांगत फिरली. पण पुढच्या साली निघताना ती आमच्या ओट्यावर आली.

"मास्तर, चाबी तुमच्या घरी ठेवते. चाबी म्हंजे घराचा जीव. जीव घेऊन जंगलात नाई जा लागत."

लुगड्याच्या काठाची निळी चिंधी बांधलेली ती चाबी शालिनीनं घड्याळाखालच्या खिळ्याला अडकवली. तेव्हापासून दर साली ती तिथं लटकायची. ती आली की पानात बांधून आमच्यासाठी टेंभरं किंवा थोडा मध आणायची, ओट्यावरूनच चाबी मागून घ्यायची, जायची. अठरा-एकोणीस वर्षं असं चाललं.

इथं एक गोष्ट लिहिणं भाग आहे. ज्या घरावर ती विश्वास टाकत होती, त्या घरात तिचा कप वेगळा होता. ती बौद्ध. आमच्या घरात माझ्या आईच्या वेळेपासून मागच्या दाराच्या कोनाड्यात एक कप ठेवलेला असायचा. आई गेली तरी कप राहिला. पंचफुलाबाई चहा प्यायची, कप विसळायची आणि कोनाड्यात पालथा घालायची. मी शाळेत मुलांना समतेचे धडे शिकवून घरी यायचो आणि तो पालथा कप रोज पाहायचो. एकदा ती म्हणाली, "मास्तर, माह्या कपाचा कान तुटला. नवा आनजा. निळा आनजा, म्हंजे चुकून तुमच्यात जानार नाई." मी हसलो. ती हसली नव्हती. मी खरंच बाजारातून निळा कप आणला.

शालिनीला पक्षाघात झाला तेव्हा पंचफुलाबाई रोज दुपारी यायची आणि मोहाच्या बियांच्या तेलानं तिचे हातपाय चोळायची. तास-तासभर. पैशाचं नाव काढलं तर तेलाची वाटी उचलून निघायची. हळूहळू शालिनीचा डावा हात उठू लागला, आणि त्या हातानं तिनं पहिलं काम केलं ते असं : कोनाड्यातला निळा कप उचलून आमच्या कपांमध्ये ठेवला. माझ्याकडं पाहिलंही नाही.  त्या दिवसापासून चहा घेताना मी कप पाहून घेत असे. निळा आला तर काहीतरी निमित्त काढून बदलत असे. शालिनीला ते कळत होतं. दोन वर्षांनी ती गेली. ती असती तर पुढचं घडलं नसतं.

तिच्यानंतरच्या वर्षी परकोटाला लागून असलेली घरं काढायचं ठरलं. जी माणसं खरोखर तिथं राहत होती त्यांना शहराबाहेर घर मिळणार होतं. त्यासाठी पाहणी झाली, आणि ती झाली मे महिन्यात. आमच्या भागात मे महिन्यात कुलूप दिसलं म्हणजे घर रिकामं, असं नवीन माणसालाच वाटेल. पाहणी करणारे गृहस्थ नवीन होते, बाहेरचे. पण मी नवीन नव्हतो.

पंधरा दिवस आधी प्रशांत एक नकाशा घेऊन आला होता. वर दोन मजले चढवायचे, खोल्या भाड्यानं द्यायच्या. "फक्त त्या कोपऱ्यावर गाडी वळत नाही बाबा," तो म्हणाला. "ते खिडकीपाशचं मोकळं झालं तर प्रश्नच मिटला. आपोआप होत असेल तर आपण कशाला मधे पडायचं?" मी मान हलवली होती.

पाहणीच्या दिवशी दुपारचे बारा वाजले होते. अंगावरचे कपडे तापत होते. दंतवैद्य छत्री धरून उभे होते, आणखी दोघं शेजारी होते. ते गृहस्थ एकेका घराशी थांबून विचारत होते आणि लिहीत होते. पंचफुलाबाईच्या दाराशी आले. दाराला कुलूप. अंगणात शेवग्याची वाळलेली पानं पडलेली.

"इथं कोण राहतं?"

"सर, ते तर बंदच आहे," दंतवैद्य म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना दिसत होतं तेवढंच त्यांनी सांगितलं. मग सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं, कारण मी वयानं मोठा.

"कोणी राहत नाही," मी म्हणालो.

"नक्की ना?"

"मी पन्नास वर्षं या गल्लीत आहे."

त्यांनी लिहिलं. पंच म्हणून मी सही केली आणि खाली वळणदार अक्षरात 'सेवानिवृत्त मुख्याध्यापक' असंही लिहिलं. ते मला कोणी लिहायला सांगितलं नव्हतं.

घरी आलो. कूलर लावला आणि आडवा झालो. कूलरच्या वाऱ्यानं खिळ्यावरची चाबी हलत होती आणि भिंतीला लागत होती. टक. टक. मी उठून कूलरचं तोंड फिरवलं. उन्हामुळं तोंडातून निघून गेलं, असं मी नंतर कित्येकदा स्वतःला सांगितलं. उन्हामुळं काही नव्हतं. ज्या घराची चाबी माझ्या भिंतीवर आहे त्या घरात कोणी राहत नाही, हे मी पूर्ण भानावर राहून सांगितलं.

जूनमध्ये ती आली. मध आणला होता. "यंदा पान चांगलं होतं मास्तर," म्हणत माझ्या हातून चाबी घेतली आणि गेली.

दिवाळीच्या आधी यादी लागली. तिला वाचता येत नव्हतं. यादीच्या प्रतीची घडी घेऊन ती कोणाकडं आली असेल? माझ्याकडं. "पाहा बरं मास्तर, माहं नाव कितव्या नंबरवर हाय?" मी चष्मा लावला. नाव नाही हे माहीत असताना मी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी नावं मोठ्यानं वाचली. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. हा सोमाचा पोरगा, ही विमल. शेवटचं नाव झाल्यावर ती थोडा वेळ वाट पाहत राहिली.

"नाई?"

"नाही."

"सुटलं असन. एवढे नावं लिहाचे म्हंजे सुटतेच. अर्ज लिहून द्या नं."

मी अर्ज लिहिला. एक नाही, चार लिहिले. माझं अक्षर गावात नावाजलेलं. 'अर्जदार ही सदर ठिकाणी चाळीस वर्षांपासून वास्तव्यास असून' अशी भाषा. मी ते वाचून दाखवलं की ती म्हणायची, "किती चांगलं लिहिता हो तुमी." त्या चारही अर्जांत एकच वाक्य मी लिहिलं नाही : पंचनाम्यावर सही करणारा इसम खोटं बोलला, घराची चाबी त्याच्याकडेच होती. त्या एका वाक्यानं काम झालं असतं, बाकीच्या चार पानांची गरज नव्हती.

होळीनंतर सुनावणी ठेवली गेली. "तुमी चाला सोबत," ती म्हणाली. "मास्तर मानूस बोलला का ते आयकते."

"गुडघा फार दुखतो गं."

"मंग राहू द्या. तेल देऊ काय?"

ती एकटी गेली. तिथं काय काय वाचलं गेलं ते मला माहीत नव्हतं. खरं म्हणजे मला माहीत करून घ्यायचं नव्हतं. संध्याकाळी ती ओट्यावर येऊन बसली. मी पाचव्या अर्जाचा कागद काढला.

"नोको," ती म्हणाली. "आता नोका लिहू."

"अगं, वरच्या साहेबांकडं..."

"नोको मास्तर. लय लिहिलं तुमी."

मला वाटलं, थकली. चहा विचारला तर नको म्हणाली.

घर पाडायचा दिवस आला तो एप्रिलच्या शेवटी, तिच्या जंगलात जाण्याच्याच दिवसांत. सकाळी आठाच्या सुमाराला मुलीकडचा टेम्पो आला. भांडी, पेटी, तिचं लाकडी माप, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती असं सगळं त्यात गेलं. शेवगा आदल्या दिवशीच तोडला होता. टेम्पो खिडकीबाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. यंत्र गल्लीच्या तोंडाशी आलं होतं. मी दारात उभा होतो, काहीतरी बोलावं म्हणून. रिकाम्या घरातून ती बाहेर आली. दार ओढलं. आणि कुलूप लावलं. ज्या दाराला अर्ध्या तासात यंत्र लागणार होतं, त्याला तिनं कुलूप लावून नेहमीसारखं दोनदा ओढून पाहिलं.

मग ती आमच्या घरात आली. मी बाजूला झालो. आजवर ती बैठकीत कधी आली नव्हती, चाबी नेहमी शालिनीच्या किंवा माझ्या हातात द्यायची. त्या दिवशी सरळ घड्याळाखाली गेली, टाचा उंच करून चाबी खिळ्याला अडकवली, चिंधी नीट केली आणि माझ्याकडं वळली. आवाज चढलेला नव्हता. यादीतल्या नावांना मान हलवत होती तशाच शांतपणे म्हणाली,

"मास्तर, आता त्या घरात कोनी राहत नाई. आता लिहा."



आज तिच्या घराच्या जागी गाड्या उभ्या असतात. आमचीही असते, ती आता सहज वळते. ती मूलला मुलीकडं आहे असं ऐकतो. दोनदा बसस्टँडपर्यंत जाऊन परत आलो. हे लिहिलेलं घेऊन तिसऱ्यांदा जाणार आहे. तिला वाचता येत नाही, म्हणजे मलाच वाचून दाखवावं लागेल. तिनं लिहा म्हटलं ते मी सहा वर्षांनी लिहितो आहे, आणि जे तेव्हा लिहायला हवं होतं तेही लिहितो : ते घर बंद नव्हतं. तिथं पंचफुलाबाई राहत होती. चाबी माझ्याकडं होती.

त्या सकाळी ती ओटा उतरून गेली ती मी दारातून पाहत राहिलो. दोन्ही हात मोकळे, डोक्यावर काही नाही. टेम्पोवाला भोंगा वाजवत होता. ती घाईनं गेली नाही. खिडकीच्या कमानीखाली पोचली तेव्हा माझी नजर आपोआप तिच्या मानेवर गेली. इतक्या वर्षांची सवय, आता ती वाकेल असं मला वाटलं.

ती वाकली नाही.